‘ए’ सर्टिफिकेट बघितलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमांवर जो लेख आला तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर शेवटचं कापू नका एवढीच विनंती. लेखकाने सगळ्या मोठ्यांच्या सिनेमांना एकाच पोत्यात घातलंय. मॉर्निंग शोचा गल्लाभरू सिनेमा, मोबाईलवरच्या कसल्याही ॲपवरची सिरीज आणि ज्याला जगभर नॉयर म्हणतात तो सावल्यांत सांगितलेल्या गुन्ह्याच्या गोष्टींचा प्रकार, सगळं एकच. वर असंही म्हटलंय की हल्ली सगळं अंधारात शूट करतात कारण दाखवायला लाज वाटते. काय ओ, अंधारात शूट करणं हे किती अवघड काम आहे याचा काही अंदाज?

मी फोटो आणि व्हिडिओच्या धंद्यातला माणूस आहे. सोलापुरात नवी पेठेच्या आसपास आमचं छोटं दुकान, लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो सगळं करतो. गिऱ्हाइकाला एकच पाहिजे असतं, चेहरा उजळ दिसला पाहिजे, म्हणून आम्ही दोन्हीकडून लाइट मारतो, वरून छत्री लावतो, सावली म्हणून कुठे राहू देत नाही, आणि मग नवरदेव, नवरी, करवली, वाजंत्री सगळे सारखेच पांढरे दिसतात. हे सोपं आहे. एकच लाइट ठेवायचा, दुसरा बंद करायचा, उजेड परतवणारा थर्माकोलसुद्धा बाजूला करायचा, काळा कपडा लावून उरलेला उजेड कापायचा, आणि अर्ध्या चेहऱ्यात माणूस काय लपवतोय हे बघणाऱ्याला कळवायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. जरा चुकलं की नाक काळं, डोळा गायब, आणि पिक्चर बघणारा म्हणतो प्रोजेक्टर खराब आहे वाटतं.

तर नॉयर. हे नाव फ्रान्समधल्या नीनो फ्रँक या समीक्षकाने 1946 मध्ये वापरलं, युद्धानंतर पॅरिसला एकदम पोचलेल्या अमेरिकन गुन्हेगारी सिनेमांसाठी. ज्यांनी ते सिनेमे बनवले त्यांना आपण नॉयर बनवतोय हे माहीतच नव्हतं, ते आपले कमी बजेटमध्ये खुनाचे पिक्चर काढत होते. युद्धाच्या काळात अमेरिकेत सेटवर किती सामान खर्चायचं यालाही सरकारी मर्यादा होती, मग भिंत अर्धीच बांधली असेल तर उरलेल्या अर्ध्यावर उजेडच टाकायचा नाही. रस्ता ओला करायचा म्हणजे एकाच दिव्याचे दोन दिवे दिसतात. खिडकीला पट्ट्यापट्ट्यांचा पडदा लावायचा आणि बाहेरून लाइट मारायचा, की माणूस घरातच गजाआड बसल्यासारखा वाटतो. गरिबीतून आलेली स्टाईल आहे ही, चैनीतून नाही.

आणि सेन्सॉर. हे त्या लेखात यायलाच पाहिजे होतं आणि नेमकं तेच नाहीये. हॉलिवूडमध्ये 1934 पासून एक आचारसंहिता कडक लागू झाली, 1968 ला ती गेली आणि वयाप्रमाणे सर्टिफिकेट आलं. मधल्या काळात पडद्यावर नवराबायकोचेसुद्धा पलंग वेगवेगळे, व्यभिचार आकर्षक दाखवायचा नाही, गुन्हेगार सुटता कामा नये. आता गंमत बघा, नॉयरच्या सगळ्या गोष्टी म्हणजे व्यभिचार आणि गुन्हा, दुसरं काहीच नाही. जेम्स केनची ‘डबल इंडेम्निटी’ नावाची गोष्ट, विमा एजंट आणि एक बाई मिळून तिच्या नवऱ्याला मारतात आणि पॉलिसीचे पैसे उचलायला बघतात, ही गोष्ट कित्येक वर्षं संहितावाल्यांनी अडवून धरली होती. शेवटी बिली वाइल्डर या दिग्दर्शकाने 1944 मध्ये तिच्यावर सिनेमा केला. त्यात खून होतो गाडीत. कॅमेरा नवऱ्यावर नाहीच, तो गाडी चालवणाऱ्या बायकोच्या चेहऱ्यावर, बाजूच्या सीटवर काय चाललंय ते फक्त ऐकू येतं आणि ती समोर रस्त्याकडे बघतेय, आणि चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही रक्तापेक्षा भयंकर आहे. तो शॉट मला पाठ आहे. कॅमेरामन जॉन साइट्झ, त्याने खोलीतल्या उन्हात धूळ दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचा चुरा उडवला होता. धूळ दिसावी म्हणून! आम्ही इथे लेन्सवरची धूळ पुसून पुसून थकतो.

त्या सिनेमात एकही ‘तसला’ सीन नाही, तरी तो शंभर टक्के मोठ्यांचा सिनेमा आहे. दहा वर्षांच्या पोराला दाखवा, त्याला काही वावगं दिसणार नाही, फक्त कंटाळा येईल, कारण त्याने अजून कुणाचा विश्वास मोडलेला नाही, हव्यास म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. आणि कहाणी कशी सांगितलीय, सुरुवातीलाच हिरो सांगून टाकतो की खून मीच केला, पैशासाठी आणि बाईसाठी, आणि मिळालं दोन्हीपैकी काहीच नाही. पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळतो, तरी दोन तास हलवत नाही, कारण आता कोण मारेकरी हा प्रश्नच राहिला नाही, हा शहाणासुरता माणूस घसरला कसा आणि प्रत्येक पायरीवर त्याला परत फिरता आलं असतं तरी का फिरला नाही हे बघायचं असतं. मागे जाणारी गोष्ट, मधेमधे त्याचाच थकलेला आवाज. आपल्याकडे हल्ली शेवट कळला की लोक स्पॉयलर दिला म्हणून भांडतात.

आता कुणी म्हणेल हे सगळं परदेशी आहे, आपल्या संस्कृतीत कुठे. तर ऐका. ही सावल्यांची भाषा मुळात जर्मनीतली, 1920 च्या आसपासची, तिथल्या एका गाजलेल्या सिनेमात तर सावल्या सेटवरच रंगवल्या होत्या. हिटलर आल्यावर फ्रिट्झ लांग, वाइल्डर, सिओडमाक असे दिग्दर्शक तिकडून पळून शेवटी अमेरिकेत गेले आणि ही भाषा तिकडे पोचली. पण एक माणूस अमेरिकेला न जाता मालाडला आला! जोसेफ विर्शिंग. हिमांशू राय यांनी 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज ही फिल्म कंपनी काढली तिथला हा कॅमेरामन, दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेत ठेवला, सुटल्यावर त्याने 1949 चा ‘महल’ शूट केला. तो झोपाळा, ती जाळी, तो हलणारा उजेड आठवा. म्हणजे हॉलिवूडला जी गोष्ट मिळाली ती आपल्यालाही त्याच झऱ्यातून थेट मिळाली होती, कुणाची कॉपी करून नाही.

आणि त्याच्याही आधी, मराठीत, प्रभातमध्ये व्ही. शांताराम यांनी 1939 मध्ये ‘माणूस’ केला होता. शाहू मोडक हवालदार, शांता हुबळीकर मैना. वेश्येच्या आणि पोलिसाच्या प्रेमाची गोष्ट, ती पण त्या काळात, आणि ‘कशाला उद्याची बात’ सोडलं तर आज त्यातलं कुणाला काही आठवत नाही. तो तिला त्या धंद्यातून बाहेर काढायला बघतो, आईकडे नेतो, पण तिचा भूतकाळ तिची पाठ सोडत नाही, शेवटी ती आपल्या नालायक मामाचा खून करते आणि तुरुंगातून सोडवायला आलेल्या हवालदाराला नाही म्हणते. नाही म्हणते! अमेरिकन नॉयरमधल्या बाईचं नशीब ठरलेलं असायचं, ती हुशार, ती देखणी, तीच पुरुषाला नादी लावते आणि शेवटच्या रिळात तिला गोळी लागते म्हणजे संहितावाले खूश. आपल्या मैनेने स्वतःचा शेवट स्वतः निवडला, डबल इंडेम्निटी यायच्या पाच वर्षं आधी. यातलं काहीही शांतारामांनी उघडंवाघडं दाखवून सांगितलेलं नाही, खोल्या, जिने, सावल्या आणि माणसांची तोंडं यातच सगळं आलं. असला सिनेमा आपल्या घरात असताना आपण ‘मोठ्यांचा सिनेमा’ म्हटलं की लाजतो, हे मला समजत नाही.

पुढचं हिंदीतलं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. 1951 चा ‘बाजी’, गुरुदत्तचं पहिलं दिग्दर्शन आणि लेखन चक्क बलराज साहनींचं, मग 1956 ला ‘सीआयडी’, ज्यात वहिदा रहमान पहिल्यांदा हिंदीत आली. व्ही. के. मूर्तींबद्दल मात्र एक वाक्य पाहिजेच, ‘कागज के फूल’मधला तो वरून येणारा उजेडाचा झोत त्यांनी आरसे लावून खऱ्या उन्हाचा केला होता, आणि फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले कॅमेरामन. माझ्या दुकानात त्यांचा फोटो आहे, देवाच्या फोटोशेजारी.

बरं, आता ‘ए’ची गोष्ट. 1952 च्या कायद्यात सगळ्यांसाठी ‘यू’ आणि फक्त मोठ्यांसाठी ‘ए’ असे दोनच प्रकार होते, मधला ‘यूए’ 1983 ला आला, 2023 च्या दुरुस्तीत त्याचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तुकडे झाले. ‘ए’ म्हणजे 18 च्या पुढच्या लोकांनी बघायचा, बास, एवढंच. कागदावर कुठेही तो घाणेरडा असं लिहिलेलं नाही. उलट 1970 साली दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की लैंगिक विषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असं धरता येत नाही, आणि 1996 मध्ये ‘बँडिट क्वीन’च्या वेळी कोर्टाने नग्नता सुद्धा कशासाठी आली ते बघा म्हणून सांगितलं आणि ‘ए’ सर्टिफिकेट कायम ठेवलं. लेखकाने हे वाचलं असतं तर निम्मा लेख लिहावा लागला नसता.

मान्य आहे, ‘ए’ची अब्रू घालवली कुणी हे आपण सोलापूरकरांना माहीत आहे. आमच्या वयाच्या लोकांना मॉर्निंग शोची पोस्टरं आठवत असतील, नाव एक, पोस्टरवरची बाई दुसरी, आत तिसराच सिनेमा, मधेच कुठून तरी आणून जोडलेला तुकडा, आणि तुकडा संपला की अर्धं थेटर उठून बाहेर. थेटरचं नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला त्याची नैतिक चीड वगैरे नाही, चीड आहे ती त्या उजेडाची. ट्यूबलाइटखाली शूट केलेलं, भिंत हिरवी, माणसं हिरवी, कुणाच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नाही. तिथे लपवलेलं काहीच नाही म्हणून बघण्यासारखंही काही उरत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात निव्वळ प्रौढांसाठीचे सिनेमे सुद्धा फिल्मवर शूट व्हायचे, थेटरात लागायचे, त्यांना बरीवाईट का होईना गोष्ट लागायची आणि लाइटिंग करणारा माणूस लागायचा, ऐंशीनंतर व्हिडिओ कॅसेट आली आणि गोष्ट पहिल्यांदा गेली, तिच्या मागोमाग सावली. जपानमध्ये तर अजून वेगळं. निक्कात्सु नावाची जुनी फिल्म कंपनी, पन्नास-साठच्या दशकात गुंडांचे, बंदुकांचे, ओल्या रस्त्यांचे सिनेमे काढणारी, टीव्हीने धंदा बसवला म्हणून 1971 ला तिने प्रौढांचे सिनेमे काढायला घेतले आणि 1988 पर्यंत काढले. अट एवढीच, ठराविक अंतराने तसला सीन आला पाहिजे, बाकी गोष्ट काय, कॅमेरा कसा, यात दिग्दर्शकाला मोकळीक. तिथले लाइटवाले, कॅमेरावाले जुन्याच स्टुडिओतले, हात बसलेले. त्यातून तात्सुमी कुमाशिरो सारखे दिग्दर्शक पुढे आले ज्यांना समीक्षकांनी मानलं. मी हे सिनेमे बघा असं सांगत नाहीये, माझ्या घरी पण हे पत्र वाचलं जाणार आहे. मी सांगतोय की विषय कितीही ‘तसला’ असला तरी तो सांगणाऱ्याला काम येत असेल तर त्याचा सिनेमा होतो.

हल्लीच्या सिरीजवाल्यांवर माझा राग आहे तो याच्याच उलट कारणासाठी. त्यांनी नॉयरचा फक्त कपडा उचललाय. एडिटिंगला बसलं की निळा-हिरवा रंग चढवायचा, सगळं काळं करायचं, खिडकीला पट्ट्या लावायच्या, बाईच्या हातात सिगारेट द्यायची, झालं नॉयर. अरे पण तो दिवा खोलीत कुठे आहे? उजेड येतोय कुठून? मूळच्या सिनेमांत प्रत्येक उजेडाला पत्ता असायचा, टेबललॅम्प, रस्त्यावरचा खांब, समोरच्या हॉटेलची लुकलुकणारी पाटी. आणि अंधार कुणाचा तरी असायचा, त्या माणसाने केलेल्या पापाचा. इथे हिरोने काहीच केलेलं नसतं तरी तो अंधारात उभा, का, तर भारी दिसतो म्हणून. श्रीराम राघवनचे सिनेमे त्याला अपवाद. ‘जॉनी गद्दार’ 2007 ला आला तेव्हा त्याने तो दिग्दर्शक विजय आनंद आणि रहस्यकथा लिहिणारा जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला होता, म्हणजे त्याला माहीत होतं आपण कुणाचं देणं लागतो. त्याचा ‘बदलापूर’ ‘ए’ होता, आणि त्यात मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते हिरोनेच, बायकापोर गमावलेला माणूस सूड घेता घेता किती नीच होतो ते. ते पोराबाळांना दाखवायचं नाही हे बरोबरच आहे. पण ते घाण नाही.

चेसवरून आठवलं, स्टेशनवरच्या स्टॉलवर त्याची पुस्तकं मिळायची, कव्हरवर अशी बाई की पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यावं लागायचं, आणि आत बघावं तर लबाडी, खून, पैसा आणि शेवटी सगळ्यांचं वाटोळं. कव्हर बघून पुस्तक घेणारे फसायचे, आणि कव्हर बघून नाक मुरडणारे पण.

आता आपल्या गावाचं. सगळे म्हणतात नॉयरला पाऊस पाहिजे, रात्र पाहिजे, मुंबई पाहिजे. मला हे पटत नाही. 1981 चा ‘बॉडी हीट’ घ्या, लॉरेन्स कॅस्डनचं पहिलं दिग्दर्शन, फ्लोरिडातल्या उष्णतेच्या लाटेतली गोष्ट, एक वकील, एक श्रीमंताची बायको, नवऱ्याचा खून, सगळी पात्रं घामाने निथळतायत आणि त्या उकाड्यातच त्यांची अक्कल वितळते. शूटिंगच्या वेळी म्हणे तिकडे थंडी होती, घाम फवाऱ्याने मारावा लागला. आमच्याकडे या म्हणावं मे महिन्यात, पारा 44 ला टेकलेला असतो, घाम फुकट. दुपारी दोन ते चार सोलापूर जसं दिसतं तसं शूट करणारा मला अजून भेटायचाय. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौकाकडच्या गल्ल्या, बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत लूमच्या खोलीत काळोख, पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काड्या आत येतात आणि हवेत सुताचा भुसा तरंगत असतो. साइट्झला जो चुरा विकत आणून उडवावा लागला तो इथे आपोआप उडतोय! मागे मागांचा खडखडाट इतका की दोन माणसं कानाला तोंड लावल्याशिवाय बोलू शकत नाहीत, म्हणजे कट शिजवायला याहून चांगली जागा नाही, आणि कुजबुजायचं असेल तर जवळ यावंच लागतं. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, कोण कुणाशी कुठल्या भाषेत खोटं बोलतंय हे कळता कळत नाही.

गोष्टीला पण तोटा नाही. पतसंस्थेतला कॅशियर, भिशी चालवणारी बाई, चादरीचा कारखाना कर्जात घालवलेला मालक, त्याच्या नावावरचा मोठा विमा. एवढी माणसं एका वाड्यात राहायला ठेवा आणि लाइट एकच लावा. पिस्तूल नको, हॅट नको, ओव्हरकोट तर नकोच, उन्हाने मरेल बिचारा. नागराज मंजुळे याच जिल्ह्यातल्या जेऊरचे, त्यांनी आपल्या मातीतली माणसं पडद्यावर आणून दाखवली, मग शहरातल्या या दुपारवर कुणी तरी मोठ्यांसाठीचा मराठी सिनेमा करायला काय हरकत आहे? आणि करताना ‘यूए’ मिळावं म्हणून गोष्टीचे दात काढू नयेत. निर्मात्यांची भीती मला कळते, ‘ए’ मिळालं की टीव्हीवर तसाच्या तसा दाखवता येत नाही, म्हणजे ते पैसे बुडाले, घरचे एकत्र जाऊन बघत नाहीत, म्हणजे तिकिटं निम्मी. पण आज जो प्रेक्षक मोबाईलवर रात्री एकटाच वाट्टेल ते बघतोय तो चांगला ‘ए’ सिनेमा असेल तर थेटरात येणार नाही असं कशावरून? लास्ट शोला तर येईलच, सोलापुरात उन्हाळ्यात लोक तसेही रात्री बारापर्यंत बाहेरच असतात.

राहता राहिलं तुमच्याकडून काय पाहिजे ते. एक म्हणजे ‘ए’ सिनेमाचं परीक्षण तुमच्या शुक्रवारच्या पानावर येतच नाही, फक्त वाद झाला की पहिल्या पानावर बातमी येते, तर परीक्षण येऊ द्या, सिनेमा वाईट असेल तर वाईट म्हणून चांगला झोडा, पण बघून झोडा. दुसरं, त्या लेखाच्या लेखकाने ज्या चार सिनेमांची नावं घेतलीत ते त्यांनी स्वतः पूर्ण बघितलेत का एवढं छापा, कारण त्यातल्या एकाचा शेवट त्यांनी चक्क उलटा सांगितलाय. आणि तिसरं, परीक्षणात हिरो, हिरॉइन, दिग्दर्शक, संगीतकार सगळ्यांची नावं असतात, कॅमेरामनचं कधीच नसतं, ते टाकत जा, जागा कमी पडत असेल तर स्टार द्यायचे कमी करा.

आपला,
एक नियमित वाचक आणि फोटोवाला
सोलापूर